बघावं लागंल

स्पॅनिश शिकायला मी वयाच्या चौतिसाव्या वर्षी सुरुवात केली. नांदेडात बसून स्पॅनिश, म्हणून लोक हसले. मी उदगीरहून, म्हणजे सासरहून, लग्नानंतर दोन वर्षांत कायमची परत आले होते आणि तरोडा नाक्याजवळच्या एका क्लासमध्ये आठवी ते दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवत होते. तिथल्या एका बाईंची बहीण हैदराबादला एका कंपनीत होती. परदेशातल्या गिऱ्हाइकांची पत्रं वाचायची आणि त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर लिहायचं, असं काम. इंग्रजीवाले पैशाला पासरी मिळतात, स्पॅनिशवाले मिळत नाहीत, आणि बायकांना राहायला हॉस्टेल देतात, असं तिने सांगितलं. मला हॉस्टेल हा एकच शब्द पुरला.

मला स्पॅनिश शिकवणाऱ्या बाई स्पेनमधल्या कुठल्याशा लहान गावच्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या. आठवड्यातून दोनदा, दुपारी साडेचारला, आई आडवी झालेली असताना त्या माझ्या मोबाइलवर यायच्या. त्यांच्यामागे स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. आमच्याकडे ऊन उतरायला लागायचं आणि त्यांच्याकडे जेवणाची वेळ व्हायची, त्यामुळे तास संपता संपता त्यांचं लक्ष चुलीवरच्या भांड्याकडे जाई.

वडील, म्हणजे बापू, तेव्हा होते. सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. रात्री ताटावर बसले की विचारायचे, "आज काय शिकून राहिलीस?" मी एखादं वाक्य म्हणून दाखवलं की ते तसंच म्हणायचा प्रयत्न करायचे आणि स्वतःच हसायचे. घरात माझं स्पॅनिश मनावर घेणारा तो एकच माणूस होता.

दीड वर्षानंतर बाईंनी एक धडा घेतला. उद्या, परवा, पुढच्या महिन्यात आपल्याला जे करावं लागणार आहे, ते रोजच्या बोलण्यात कसं सांगायचं. पुस्तकात एकच रूप होतं, 'तेन्द्रे के'. मला करावं लागेल. बाई म्हणाल्या, हे बरोबर आहे, पण बाजारात, घरात आमची माणसं जास्त करून 'वोय आ तेनेर के' म्हणतात. अर्थ तोच, फक्त ते काम आता अगदी दाराशी आल्यासारखं वाटतं. आणि एखादं काम नशिबाने किंवा पाळीने गळ्यात पडणार असेल, तर म्हणतात, 'मे वा आ तोकार'. माझ्यावर येणार.

त्यांनी मला दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली. मी लिहिली. मला उद्या आईला रक्त तपासायला न्यावं लागेल. मला गॅसचा नंबर लावावा लागेल. मला बापूंच्या चष्म्याची काच बदलून आणावी लागेल. बाईंनी वाचून चष्मा वर केला. म्हणाल्या, "व्याकरणात चूक नाही. पण तुला भाऊ आहेत ना? त्यांचं एकही वाक्य नाही."

मला दोन भाऊ. थोरला, ज्याला मी दादा म्हणते, पुण्याला नोकरीत. मधला अण्णा, त्याचं लातुरात पाइप आणि मोटारींचं दुकान. मी म्हटलं, ते कामात असतात.

मग त्यांनी शेवटचं रूप शिकवलं, 'अब्रा के'. करावं लागेल. कुणाला ते सांगायचंच नाही. त्यांनी उदाहरण दिलं, "जेवणं झाली की आमच्याकडे कुणीतरी म्हणतं, 'अब्रा के फ्रेगार', भांडी घासावी लागतील. जो म्हणतो तो कधीच उठत नाही." मी खूप हसले. म्हटलं, बाई, हे तर आमच्याकडे जसंच्या तसं आहे. आम्ही 'मला' किंवा 'तुला' गाळतो आणि बाकीचं वाक्य तसंच ठेवतो. आमचं वाक्य त्यावाचून नीट चालतं.

हैदराबादच्या कंपनीने फोनवर परीक्षा घेतली. मी पास झाले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हा, असं पत्र आलं. बापूंनी माझ्यासाठी चाकांची बॅग आणली, निळी. तिला कुलूप होतं आणि त्यांनी ते तीनचारदा उघडून बंद करून पाहिलं.

एक तारखेच्या सोळा दिवस आधी बापू सकाळी दूध आणायला गेले आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी बसले ते उठलेच नाहीत.

त्यांना मूठमाती दिली. पाहुणे आले, जंगम स्वामी आले, दिवस झाले, जेवणं झाली. शेवटचे पाहुणे गेल्यावर आम्ही घरचे तेवढे समोरच्या खोलीत बसलो. दोघे भाऊ, दोघी वहिन्या, मी. आई आत पडून होती. तिला शुगर, गुडघे गेलेले, आणि एका डोळ्याने दिसत नव्हतं. एकटी ती राहू शकणार नव्हती, हे सांगायची गरज नव्हती.

दादा म्हणाला, "आता आईचं बघावं लागंल."

"हाव," अण्णा म्हणाला. "कायतरी करावं लागंल."

थोरल्या वहिनी म्हणाल्या, "एकटं कसं ठेवता येईल? कुणीतरी सोबत राहावं लागेल."

"औषधाच्या टायमाकडं लई लक्ष द्यावं लागतंय," धाकट्या वहिनी म्हणाल्या.

मी भिंतीला टेकून बसले होते. बाईंचा धडा होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. मी ऐकत होते आणि एकेका वाक्यात माणूस शोधत होते. नव्हता. चार वाक्यं झाली, पाच झाली, आईला दवाखान्यात न्यावं लागणार होतं, रात्री उठावं लागणार होतं, पथ्याचं रांधावं लागणार होतं, आणि हे सगळं करणारा माणूस त्या खोलीत कुणाच्याच तोंडी येत नव्हता.

शेवटी मीच विचारलं, "कुणाला?"

कुणाला कळलंच नाही. दादा म्हणाला, "काय कुणाला?"

"कुणाला राहावं लागंल? कुणाला न्यावं लागंल?"

मग अण्णा माझ्याकडे बघून मायेनं म्हणाला, "आता बाई, तू हायस म्हणून तर बरं हाय." थोरल्या वहिनी लगेच म्हणाल्या, "हो ना. देवानेच केलं म्हणायचं." म्हणजे माझा संसार मोडला तो देवाने या सोयीसाठी मोडला होता.

मी म्हटलं, मला एक तारखेला हजर व्हायचं आहे. दादाने मान हलवली. अगदी समजून घेतल्यासारखी. म्हणाला, "ते बी बघावं लागंल." मी म्हटलं, चार-चार महिने वाटून घेऊ. माझी पाळी मी शेवटी घेते, सुट्टी काढून येते. दोघांनी ऐकून घेतलं. नाही कुणीच म्हणालं नाही. आमच्या घरात माझ्यासमोर कुणीही कधी नाही म्हटलेलं नाही, हे मला मान्य करावं लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची गाडी गेली, दुपारी अण्णाची. जाताना दोघेही आईच्या पाया पडले.

कंपनीला मी पत्र लिहिलं. त्यांनी एक महिना थांबायची तयारी दाखवली. तो महिना मी भावांना फोन करण्यात घालवला. दादा मीटिंगमध्ये असायचा. अण्णा म्हणायचा, सीझन चालू हाय, पाऊस लांबला की बोरवाल्यांची गर्दी, जरा होऊ दे. महिना संपला. दुसऱ्या पत्रात कंपनीने जागा भरल्याचं कळवलं, दोन ओळींत, शुभेच्छांसकट.

बाईंना मी सगळं सांगितलं. स्पॅनिशमध्ये, जमेल तसं. सांगता सांगता 'बघावं लागंल' कसं सांगायचं ते अडलं. त्या म्हणाल्या, "'अब्रा के वेर'. माझे भाऊही हेच म्हणत होते. मी आईजवळ अकरा वर्षं राहिले." मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "पुढचा तास गुरुवारी." पण त्या गुरुवारी आईची शुगर खाली गेली, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी मीच फोन उचलला नाही. स्पॅनिश शिकून काय करायचं, हे मला आता सांगता आलं नसतं.

पाच वर्षं गेली. त्यांत सांगण्यासारखं थोडं आहे. पहाटे इन्सुलिन, नाश्ता, अंघोळ, क्लास, मधल्या सुट्टीत घरी येऊन जेवण, पुन्हा क्लास. आईचा स्वभाव आधीपासूनच कडक. भाकरी जाड झाली तर ताट सरकवायची. दादाचा फोन आला की मात्र आवाज बदलायचा. "माझं काय, मी मजेत हाय, तू तुझ्या तब्येतीला जप रे माझ्या राजा." मी शेजारी बसून तिच्या पायाला तेल लावत असायची.

एकदा शेजारच्या काकू आल्या होत्या. मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता. काकू म्हणाल्या, "पोरगी लई करती हो तुमचं."

आई म्हणाली, "करंल न्हाई तर काय? तिला दुसरं कुठं ठाव हाय जायाला?"

चहा उतू गेला. मी ओटा पुसला, नव्याने दूध ठेवलं, आणि दोघींना चहा नेऊन दिला. आई म्हणाली, साखर घातली का? मी म्हटलं, तुझ्यात नाही.

इथवर जे सांगितलं, त्यात मी चांगली दिसते. पुढचं सांगायचं आहे.

आईची थोरली बहीण, माझी मावशी, लातूरजवळच्या मुरुडला होती. आईचं माहेर तेच. दोघींचं लहानपण एका अंथरुणात गेलं, असं आई सांगायची. मावशीही थकलेली, तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोनवर दोघींचं बोलणं व्हायचं नाही. एकीने ओरडायचं, दुसरीने भलतंच उत्तर द्यायचं. आई मला म्हणायला लागली, "मला एकदा मुरुडला घेऊन चल. अक्काला बघायचं हाय. हा एक डोळा हाय तवर."

आणि मी म्हटलं, "हो, जावं लागंल एकदा."

हे मी किती वेळा म्हटलं ते मला माहीत नाही. दोन वर्षं तरी म्हणत होते. दिवाळीत म्हटलं, उन्हाळ्यात म्हटलं. तिचे केस विंचरताना म्हटलं. अवघड काहीच नव्हतं. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, चार तास, आणि तिथून मुरुड तासाभराचंही नाही. बस नको तर गाडी करता आली असती. मी थकलेली असायची हे खरं आहे, पण ते कारण नव्हतं. लातुरात अण्णा होता, त्याच्या दारात मोठी गाडी उभी होती, मुरुड त्याच्या हाकेवर होतं. सगळं मी करायचं आणि हेही मीच का, असं माझ्या मनात घट्ट बसलं होतं. त्याने येऊन न्यावं म्हणून मी अडून बसले होते. अडले होते भावासाठी, आणि अडकून पडली होती आई.

एकदा मी तिला म्हटलंही, "अण्णाला सांग ना. त्याला जवळ हाय."

तिने फोन लावायला लावला. स्पीकरवर अण्णाचा आवाज आला, "आई, नक्की. बघावं लागंल. एवढा सीझन संपू दे." आई खूश झाली. पंधरा दिवस तिने नवं पातळ घडी घालून उशाशी ठेवलं होतं. मग ते परत कपाटात ठेवायला तिने मलाच दिलं. मी ते ठेवलं.

मावशी गेली त्याचा फोन सकाळी नऊला आला. मावसभावाने मला सांगितलं, मी आईला. ती खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. रडेल असं वाटलं, म्हणून मी जवळ गेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जावं लागंल म्हणत होतीस न्हवं?"

अण्णाच्या तोंडचं तसलंच वाक्य तिने कधी त्याच्यासमोर धरलं नव्हतं. माझ्या तोंडचं मात्र लक्षात ठेवलं होतं. आणि तिचं खोटं नव्हतं. मला वाक्यातला माणूस शोधायची एवढी सवय लागली होती, भावांची वाक्यं मी तपासून घेत होते, आणि दोन वर्षं स्वतः तेच वाक्य म्हणत होते, तसंच मोकळं, कुणाचं नाव न लावता.

मी गाडी ठरवली. रस्त्यात एका जागी काम चालू होतं, तिथे तास मोडला. मुरुडला पोचलो तेव्हा माती देऊन लोक परतत होते. आईने विचारलं, "अक्का कुठं हाय?" मावसभाऊ म्हणाला, "मावशे, थांबता आलं न्हाई गं, ऊन लई झालं." तिला तिथल्या दोन बायकांनी धरून आत नेलं. मावशीची खाट अंगणात उभी करून ठेवलेली होती. आईने त्या खाटेवर हात ठेवला आणि उभी राहिली.

अण्णा आधीच आला होता. पांढऱ्या कपड्यांत, मांडवाखाली माणसांत बसलेला. बायका म्हणत होत्या, भाचा कसा धावून आला, दुकान बंद करून आला. तो उठून आईजवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "किती वाळलीस गं आई. आता तुझ्याकडं बघावं लागंल."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "तुला."

"काय?"

"तुला बघावं लागंल, अण्णा. आजपासून. तिला लातूरला घेऊन जा."

"बाई, आता ही वेळ हाय का?"

"हीच हाय."

मी गाडीतून आईची पिशवी काढली. औषधं, सुया, साखर मोजायचं यंत्र, दोन पातळं. अण्णाच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि ती सीटवर ठेवली. त्याच्याबरोबर आलेल्या धाकट्या वहिनींना पिशवीतला औषधांच्या वेळांचा कागद दिला. बायका बघत होत्या. कुणीतरी हळू म्हणालं, मातीच्या दिवशी आईला टाकून चालली बघा. अण्णाला एवढ्या माणसांत नाही म्हणता येईना. मला ते माहीत होतं, म्हणूनच मी ती जागा निवडली.

आईला विचारायचं मात्र मी विसरले. विसरले असं मी इतरांना सांगते. मी विचारलं नाही.

तिला अण्णाच्या गाडीत बसवताना मी वाकून तिचा पदर नीट केला. तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला.

नांदेडला परतले. पहिले दोन दिवस नुसती झोपले. तिसऱ्या दिवशी हैदराबादला फोन केला. कंपनी तीच होती, माणसं बदललेली. एक तरुण मुलगा फार अदबीनं बोलला. म्हणाला, मॅडम, पत्रं आता मशीनच लिहितं. आम्ही फक्त तपासायला चार माणसं ठेवली आहेत, आणि ती भरलेली आहेत. मी विचारलं, पुढे कधी लागतील? तो म्हणाला, "बघावं लागेल." आमच्याकडचाच असावा, इतकं छान मराठी बोलत होता.

बाईंना मी एक निरोप पाठवला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. आता शिकवत नाही, हात थरथरतात, पण एकदा बोलू. पडद्यावर त्या आल्या, फार बारीक झालेल्या. मी बोलायला लागले आणि क्रियापदं तोंडात येईनात. साध्या वर्तमानकाळात मी तीनदा अडखळले. त्यांनी थांबून वाट पाहिली. मग इंग्रजीत म्हणाल्या, काही हरकत नाही. त्यानंतर आम्ही हवापाण्याचं बोललो.

चाळीस दिवसांनी अण्णा आईला घेऊन आला. फोन न करता. क्लासवरून आले तर गाडी दारात उभी. आई आत खाटेवर बसलेली, डाव्या मनगटाला पट्टी. बाथरूममध्ये पाय घसरला होता. अण्णा म्हणाला, "तिथं करमत न्हाई तिला. सारखं नांदेड नांदेड करून राहिली." तो चहासुद्धा न घेता गेला. मी अडवलं नाही. मुरुडला काढलेला तो आवाज पुन्हा माझ्याकडून निघाला नाही.

संध्याकाळी मी आईला वरण-भात कालवून भरवला. उजवा हात चांगला होता, पण ती भरवून घेत होती. मी विचारलं, खरंच इथं यायचं म्हणत होतीस?

तिने घास गिळला. म्हणाली, "मी कायबी म्हणत नव्हते. तू मला पिशवीबरोबर गाडीत ठेवलंस. त्यानं तसंच आणून ठेवलं."

मी दुसरा घास पुढे केला. तिने तो खाल्ला.

याला आता दीड वर्ष होत आलं. तिचा दुसरा डोळाही गेल्यात जमा आहे. दर महिन्याला डॉक्टरांकडे जायचं असतं. आदल्या दिवशी मी सांगते, उद्या मी तुला अकरा वाजता नेणार आहे. ती हूं म्हणते. सकाळी माझ्याआधी तयार होऊन, भिंतीला हात लावत दाराशी येऊन उभी राहते. रिक्षात आम्ही फारसं बोलत नाही. परत आल्यावर ती शेजारच्या काकूंना हाक मारते, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना सांगते.